काठी सात महिने बॅगेतच आहे

कवडसा | सोमवार, रात्री १०:४०

नमस्कार. इथे बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

वय ४४. आजार रेटिनायटिस पिगमेंटोसा, थोडक्यात आरपी. लहानपणी अंधार पडला की मी कोणाचा तरी हात धरायची आणि घरचे म्हणायचे, पोरगी भित्री आहे. भित्री नव्हते, दिसत नव्हतं. हे कळायला तिशी उजाडली. आता मध्यभागी साधारण पंधरा अंशांचा गोल उरलाय. कागदाची सुरळी डोळ्याला लावून घरभर फिरून बघा, तसं. सुरळीतून जे दिसतं ते मात्र लख्ख दिसतं. सुईत दोरा ओवते, फोनवरचं बारीक वाचते, हा धागाही स्वतःच टंकतेय. आणि पायाशी बसलेल्या मांजरावर पाय देते. शेवटी मांजरानेच बसायची जागा बदलली.

काठीचं प्रशिक्षण घेतलंय, सहा सत्रं. घडीची पांढरी काठी घेतली. ती सात महिने बॅगेत आहे. किल्ली शोधताना हाताला लागते, मी बाजूला सारते.

कारण सांगायला लाज वाटते. काठी घेऊन बसमध्ये चढले आणि बसल्या बसल्या फोन काढून वाचायला लागले, तर लोक म्हणणार नाटकं करते. काठीशिवाय चढले तर कोणाच्या तरी पायावर पाय पडतो आणि "डोळे फुटले का?" ऐकून घ्यावं लागतं. (त्यांचं तसं बरोबरच आहे म्हणा.)

गेल्या पंधरवड्यात दोन प्रकार झाले. कपाटाचं अर्धवट उघडं दार कपाळात बसलं, तीन टाके. मग जिना संपला म्हणून पाय टाकला तर एक पायरी शिल्लक होती. नवऱ्याने जाहीर केलंय, संध्याकाळनंतर एकटीने बाहेर पडायचं नाही. काळजीपोटीच म्हणतो. पण माझा दिवस आता सहाला संपतो.

ज्यांनी काठी उघडली त्यांनी ती कधी उघडली? पहिला दिवस कसा गेला? आणि "जपून राहा" म्हणजे "घरात बस", हे गणित तुमच्याकडे कोणी कसं मोडलं?

खोडरबर | सोमवार, रात्री १०:५८

मला यातलं काही कळत नाही, पण धागा वर राहावा म्हणून प्रतिसाद. ते मांजराचं वाचून हसलो, माफ करा.

तिरपी नजर | सोमवार, रात्री ११:२०

मी तुमच्या अगदी उलटा. वय ७१, मॅक्युलाचा आजार. मधलं गेलंय, कडेचं शाबूत. मांजर मला बरोबर दिसतं, पण त्याकडे बघायला गेलो की नाहीसं होतं. आपण दोघं शेजारी बसलो तर मिळून एक धड माणूस होईल.

मला शिकवलंय ते असं: जे बघायचं त्याच्या थोडं बाजूला बघायचं, म्हणजे कडेच्या पडद्यावर ते उमटतं. वर बघून जमतं का, डावीकडे बघून जमतं का, ज्याची त्याची जागा वेगळी निघते. मला घड्याळात अकरा असतात त्या दिशेला बघितलं की समोरच्याचं नाक सापडतं. लोकांना वाटतं म्हातारा डोळ्याला डोळा देत नाही, काहीतरी लपवतोय. ओळखीचे समोरून जातात आणि मी हसत नाही, तेव्हा शिष्ट ठरतो. आता मीच आधी सांगतो, "चेहरा दिसत नाही, बोललात की ओळखेन."

काठीचं दुसरे सांगतील, मी अजून त्या वळणावर नाही.

ठकठक | मंगळवार, सकाळी ७:०५

जन्मापासून अंध आहे, काठी हातात येऊन सत्तावीस वर्षं झाली. थोडा आगाऊपणा चालवून घ्या.

कवडसाताई, तुम्ही "काठी" म्हणताय ती एक वस्तू नाही, दोन आहेत. १९२१ साली ब्रिस्टलमध्ये जेम्स बिग्ज नावाच्या छायाचित्रकाराची दृष्टी अपघातात गेली. दारासमोरच्या वाहनांची धास्ती वाटायला लागली, तेव्हा त्याने आपली साधी चालायची काठी पांढरी रंगवली. गाडीवाल्यांना मी दिसावं, एवढाच हेतू. नंतर दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत अंध झालेल्या सैनिकांना रिचर्ड हूवर चालायला शिकवत होता. त्याने काठी लांब आणि हलकी केली आणि ती जमिनीवर डावी-उजवी फिरवायची पद्धत बसवली. बिग्जची काठी लोकांसाठी होती, हूवरची चालणाऱ्यासाठी.

तुमची अडचण बिग्जच्या काठीशी आहे. गरज हूवरच्या काठीची आहे.

ती काय देते ते सांगतो. डावा पाय पुढे पडतो तेव्हा टोक उजवीकडे टेकलेलं असतं, म्हणजे पुढचा उजवा पाय जिथे पडणार ती जागा आधीच तपासून झालेली. कमान खांद्यांपेक्षा बोटभर रुंद, त्याहून जास्त नाही. लोखंडी झाकणावर टोकाचा आवाज पोकळ येतो, ओल्या मातीत तो मरतो, भिंत जवळ आली की परत येतो. पायरी उतरायची असेल तर टोक अचानक निराधार होतं आणि ती पोकळी मनगटाला आधी कळते. तुमच्या त्या शिल्लक पायरीचं उत्तर डोळ्यांत नाही, मनगटात आहे.

कपाटाच्या दाराचं उत्तर मात्र काठीतही नाही. कमरेच्या वरचं ती काही सांगत नाही. लटकलेली फांदी, उघडी खिडकी, ट्रकची मागची फळी. माझ्या कपाळावर तुमच्यापेक्षा जास्त टाके आहेत.

शेजारची खुर्ची | मंगळवार, सकाळी ९:४५

मी दुसऱ्या बाजूने लिहिते. कोणीतरी लिहायला हवं. ह्यांना काचबिंदू, वय ५८, एका डोळ्याने काहीच नाही, दुसऱ्याने खिडकीच्या फटीतून दिसावं इतकंच. दोन वर्षांपूर्वी मुलीने काठी आणून दिली. महिनाभराने हे काठीसकट रस्त्याकडेच्या खड्ड्यात. मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. शर्टाची बटणं कोणी लावली? मी. नोकरीतल्या रजा कोणाच्या गेल्या? माझ्या. काठी माळ्यावर टाकली आणि सांगितलं, कुठे जायचं असेल तर मी येते.

आत्मविश्वास वगैरे छान वाटतं वाचायला. हाडं जुळवायला आम्हीच असतो. कवडसाताईंच्या यजमानांना उगाच खलनायक करू नका.

खोडरबर | मंगळवार, सकाळी ९:५२

बापरे. पॉपकॉर्न खाली ठेवतो.

ठकठक | मंगळवार, सकाळी १०:३०

खुर्चीताई, तुम्ही लिहिलंत ते खोटं नाही, आणि इतकं सरळ कोणी लिहीत नाही म्हणून बरं वाटलं. एकच विचारतो. काठी आणून दिली, पण वापरायला कोणी शिकवलं? आणि लांबी किती होती?

शेजारची खुर्ची | मंगळवार, सकाळी १०:४१

शिकवायचं काय त्यात? दुकानातून आणली आणि दिली. ह्यांच्या कमरेच्या थोडी वर येते.

ठकठक | मंगळवार, सकाळी १०:५५

अहो, मग ती काठी नव्हती, दांडकं होतं. उभी धरली तर निदान छातीच्या मधल्या हाडापर्यंत यायला हवी, भराभर चालणाऱ्याला त्याहूनही लांब. आखूड काठी खड्डा सांगते, पण तेव्हा पाय खड्ड्यातच असतो. एका पावलाची आगाऊ खबर हीच तर तिची कमाई. आणि शिकायला कित्येक आठवडे लागतात, आधी घरात, मग ओळखीच्या गल्लीत, मग रहदारीत. पोहायला न शिकवता ढकललं आणि माणूस बुडाला, तर पाणी वाईट असं नाही ना म्हणत आपण.

फावला डॉक्टर | मंगळवार, दुपारी २:१५

नेत्रतज्ज्ञ आहे, इथे कोणालाही तपासत नाही, फक्त माहिती.

कवडसा, "नाटक" या शब्दावर आधी बोलू. निरोगी माणसाला दोन्ही डोळ्यांनी आडवं सुमारे १८० अंशांचं क्षेत्र दिसतं. अनेक देशांच्या कायद्यात हे क्षेत्र २० अंशांच्या आत गेलं की ते अंधत्वच धरतात, मधली दृष्टी कितीही चांगली असो. चालताना आपण मधल्या दृष्टीने चालत नाहीच. पायाखालचं, बाजूचं, येणारं-जाणारं हे सगळं कडेचं काम. म्हणून सुईत दोरा ओवणारी बाई जिन्यावरून पडते, यात विसंगती काही नाही.

आरपीत बहुधा आधी रॉड पेशी जातात, म्हणजे मंद प्रकाशात आणि कडेला काम करणाऱ्या. त्यामुळे संध्याकाळ तुम्हाला बाकीच्यांच्या आधी होते. आणखी एक त्रास रुग्ण सांगतात पण नातेवाइकांना पटत नाही: उन्हातून आत आल्यावर काही मिनिटं जवळपास काहीच दिसत नाही. त्या वेळी चालू नका. दाराच्या आत एका बाजूला सरका, पाठ भिंतीला लावा, डोळ्यांना वेळ द्या. उन्हात पुढे झाप असलेली टोपी आणि पिवळट-तांबूस काचेचा चष्मा बऱ्याच जणांना मानवतो, दुकानात नाही तर उन्हात उभं राहून निवडा.

सुदृढ | मंगळवार, दुपारी ३:०२

[हा प्रतिसाद जाहिरात असल्याने काढून टाकला आहे. – व्यवस्थापन]

खोडरबर | मंगळवार, दुपारी ३:०५

मी वाचला होता! कुठल्याशा तेलाचे थेंब, चाळीस दिवसांत चष्मा, काठी आणि बहुतेक डॉक्टरही फेकून द्यायचा.

फावला डॉक्टर | मंगळवार, दुपारी ३:३०

मला फेकायला हरकत नाही, डोळ्यांत काही घालू नका फक्त. आरपीला कारणीभूत ठरणारी जनुकं डझनावारी आहेत. त्यातल्या आरपीई६५ या एका जनुकातल्या बिघाडावर उपचाराला अमेरिकेत २०१७ च्या डिसेंबरात मान्यता मिळाली, तोही दृष्टिपटलातल्या पेशी जिवंत असतील तरच. सगळ्या आरपीवर चालणारा थेंब असता तर मी सगळ्यात आधी विकला असता. आपलं जनुक कोणतं हे तपासून ठेवणं मात्र उपयोगाचं, पुढे चाचण्या निघाल्या तर कळतं आपण त्यात बसतो का.

काचबिंदूवाल्यांनी हे वाचून थेंब बंद करू नयेत. तिथे गेलेली नजर परत येत नाही, पण राहिलेली बहुधा थेंबांनीच टिकते.

मीठसाखर | मंगळवार, रात्री ८:१०

रस्त्याचं झालं, आता घराचं. बारा वर्षांपूर्वी सहा महिन्यांत दोन्ही डोळे गेले, मधुमेहाने. आज स्वयंपाकघर माझंच आहे. पहिलं वर्ष मला तिथे कोणी पाऊल ठेवू देत नव्हतं आणि मी खुर्चीत बसून सगळ्यांचे आवाज ऐकायची. ते वर्ष मला कोणी परत दिलं तर मी नको म्हणेन.

कपाटाचं दार: घरात एकच कायदा. दार पूर्ण बंद किंवा पूर्ण उघडं, मधलं काही नाही. खुर्ची टेबलाखाली सारलेली. जमिनीवर काही ठेवायचं असेल तर "ठेवतोय" असं मोठ्याने सांगायचं. आठ दिवस भांडणं झाली, मग अंगवळणी पडलं. कवडसा, टाके तुला पडले पण दार तू उघडं ठेवलं नव्हतंस बहुतेक. घरातल्यांना हे विचार.

ओतायचं कसं: थंड असेल तर बोटाचं पेर कडेच्या आत अडकवायचं, तिथे ओलं लागलं की थांबायचं. गरम असेल तर बोट नाही. भांडं ताटलीत ठेवायचं म्हणजे सांडलं तरी अंगावर येत नाही, आणि कान द्यायचा. भरत आलं की आवाज वर चढतो, बारीक होतो. सुरुवातीला मी कडेवर अडकवायचं ते छोटं यंत्र वापरलं, पाणी टेकलं की पीं करतं. आता ते नातू खेळायला घेतो.

शेगडी: आधी भांडं ठेवायचं, हाताने चाचपून मधोमध आणायचं, मग जाळ. उलट क्रमाने कधीही नाही. कोपरापर्यंत येणारे हातमोजे, मनगटापर्यंतचे नव्हे. बाह्या सैल नकोत. बटणावर "बंद", "बारीक", "मोठा" अशा तीन ठिकाणी रंगाचा उंचवटा देऊन ठेवलाय, बोट फिरवलं की कळतं.

सुरी: फेसाच्या पाण्यात सुरी सोडून देणारा माणूस माझ्या घरात पाहुणा म्हणून पुन्हा येत नाही.

थोडं दिसणाऱ्यांनी विरुद्ध रंग वापरावेत. पांढऱ्या गोष्टी चिरायला काळा पाट, गडद गोष्टींना पांढरा. जिन्याच्या पहिल्या आणि शेवटच्या पायरीच्या कडेला पिवळी पट्टी. दोन्ही कडांना, एकीलाच नाही.

आणि काही खाली पडलं तर लगेच वाकायचं नाही. आधी ऐकायचं, कुठे घरंगळलं आणि कुठे थांबलं. मग कमरेत न वाकता गुडघ्यांत बसायचं, एक हात चेहऱ्यासमोर उभा धरून. टेबलाची कड नाकाला माझ्याही लागलीय, म्हणून सांगते. मग एका जागेवरून हात गोल गोल मोठा करत न्यायचा.

शेजारची खुर्ची | मंगळवार, रात्री ९:००

हे दाराचं पटलं. आमच्याकडे अर्धी दारं मीच उघडी ठेवते.

बिनपडदा | मंगळवार, रात्री ११:४५

फोनवर कोणीच बोललं नाही? मी कामाने संगणकवाला, डोळ्यांनी पूर्ण बाद. संगणकावर एनव्हीडीए, म्हणजे पडद्यावरचं मोठ्याने वाचून दाखवणारी प्रणाली, ती २००६ पासून आहे आणि फुकट आहे. फोनमध्ये तेच काम करणारं टॉकबॅक किंवा व्हॉइसओव्हर आधीपासूनच असतं, फक्त चालू करायचं. थोडं दिसतं तेव्हाच शिकायला घ्या. डोळे गेल्यावर फोनही नवा आणि आवाजही नवा, हे फार जड जातं. मी आवाज इतक्या वेगाने ऐकतो की बायको म्हणते डबा भरून भुंगे पाळलेस. गैरसोय एकच: एकदा भर रांगेत फोनने माझा पासवर्ड खणखणीत वाचून दाखवला. तेव्हापासून कानात लावून घेतो.

रस्त्यावर दोन्ही कान कधीच बंद करू नका, हे काठीइतकंच महत्त्वाचं. मी कानशिलावर टेकणारे हेडफोन वापरतो, त्यात कान उघडे राहतात. ॲपही आहेत. बी माय आइज २०१५ मध्ये आलं, कॅमेऱ्यातून स्वयंसेवक बघून सांगतो. मोजे जुळतात का, पाकिटावरची तारीख काय, याला अप्रतिम. खरं तर आता काठीची गरज कमीच होत जाणार.

ठकठक | बुधवार, सकाळी ६:५०

शेवटचं वाक्य सोडून सगळ्याला +१. काठीची बॅटरी संपत नाही, पावसात ती भिजली तरी चालते, आणि ती कधी "नेटवर्क शोधत आहे" म्हणत नाही. रस्ता ओलांडताना अनोळखी माणसाला कॅमेऱ्यातून विचारणं हा वेडेपणा आहे. त्या ॲपवालेही तसं करू नका असंच सांगतात.

बिनपडदा | बुधवार, सकाळी ८:२०

ओलांडताना वापरा असं मी म्हटलंच नव्हतं! पण ठीक, वाक्य मागे घेतो. अर्धं.

तुमचे ते प्रसिद्ध कान विजेच्या गाड्यांपुढे काय करतात ते सांगा. हळू चालल्या की आवाजच नाही.

ठकठक | बुधवार, सकाळी ८:४०

हा वर्मावर घाव. मलाही त्यांची भीती वाटते. युरोपीय संघात जुलै २०२१ पासून विकल्या जाणाऱ्या नव्या विजेच्या गाड्यांना ताशी २० किलोमीटरपर्यंत आणि मागे घेताना कृत्रिम आवाज काढणं बंधनकारक आहे. त्याहून वेगात टायरच आवाज करतात. जिथे तसा नियम नाही तिथे मी एकच करतो: सिग्नल नसलेल्या जागी एकटा ओलांडत नाही, वळसा पडला तरी. इथे आत्मविश्वास वगैरे काही दाखवायचा नाही.

सुरकुती | बुधवार, दुपारी १२:३०

विषय सोडून विचारते, राग मानू नका. वडील ८३, नजर बरीच गेलीय. आठवडाभर म्हणतात खोलीत टोप्या घातलेली लहान मुलं बसतात, बोलत नाहीत, नुसती बघतात. स्वतःच म्हणतात, "ती खरी नाहीत, ठाऊक आहे मला." भाऊ म्हणतो डोकं फिरायला लागलंय.

फावला डॉक्टर | बुधवार, दुपारी १:१०

भावाला सांगा, घाई नको. चार्ल्स बोने या स्विस अभ्यासकाने १७६० मध्ये आपल्या आजोबांचं असंच लिहून ठेवलं. आजोबांची नजर अधू, बुद्धी तल्लख, आणि त्यांना माणसं, पक्षी, इमारती दिसत. त्याच्याच नावाने हा प्रकार ओळखला जातो. डोळ्यांकडून माल येणं कमी झालं की मेंदू गोदामातली चित्रं काढून लावतो. "खरं नाही हे मला ठाऊक आहे", ही त्यातली दिलासा देणारी खूण. तरी एकदा दाखवा, औषधांमुळे किंवा इतर कारणांनीही भास होतात. पुष्कळ वृद्ध वेडे ठरवले जाण्याच्या भीतीने हे सांगतच नाहीत. तुमच्या वडिलांनी सांगितलं, नशीब.

सुरकुती | बुधवार, दुपारी १:२५

वाचून दाखवलं. म्हणाले, "बघ, त्या आजोबांना पक्षी, आणि मला टोपीवाली कार्टी."

खोडरबर | बुधवार, संध्याकाळी ५:००

आता एक कबुली. परवा रस्त्यावर काठीवाले एक गृहस्थ खणलेल्या जागेकडे चालले होते. मी ओरडलो, "अहो तिकडे नको, इकडे, इकडे!" ते जागीच उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, "इकडे म्हणजे कुणीकडे?" मला पुढचा शब्दच सुचेना. काय म्हणायला हवं होतं?

ठकठक | बुधवार, संध्याकाळी ५:२०

आधी "थांबा". मग "तुमच्या डाव्या हाताला या, तीन पावलं". त्यांचा डावा हात, तुमचा नाही. इकडे-तिकडे, असं-तसं, हे बघा-ते बघा यांचं आम्ही लोणचं घालायचं का? आणि धरायचं असेल तर विचारून. तुम्ही त्यांना धरू नका, तुमचं कोपर त्यांना धरू द्या. कोपराच्या जरा वर हात ठेवून ते अर्धं पाऊल मागे चालतील, तुम्ही पायरीवर चढलात की त्यांना खांद्यातून कळतं. ढकलत नेलं तर सगळ्यात पुढे खड्ड्यात कोण जातं, विचार करा.

अर्धचंद्र | बुधवार, रात्री ९:३०

कवडसाताई, सगळे भलतीकडे गेले, मूळ प्रश्न राहिला. मी २६, मलाही आरपी, क्षेत्र तुमच्याहून थोडं जास्त. काठी उघडून दीड वर्ष झालं.

मी ती चोवीस तास वापरत नाही. दिवसा ओळखीच्या रस्त्यावर बॅगेत. गर्दी, जिना, नवी जागा आणि संध्याकाळ, या चार वेळी बाहेर. चष्मा लागेल तेव्हाच लावतात ना, तसं. सुरुवातीला एका बाईंनी बसमध्ये माझ्या फोनकडे आणि मग काठीकडे बघत विचारलं, "दिसतंय की तुला!" मी म्हटलं, "दिसतं, पण सगळं नाही." त्या म्हणाल्या, "असं पण असतं?" आणि उतरेपर्यंत मला त्यांच्या जावेच्या डोळ्यांबद्दल सांगत होत्या. माझ्या वाट्याला आलेला सगळ्यात वाईट प्रसंग हाच. डोक्यात रचलेले याच्या शंभरपट भयंकर होते.

ठकठक | बुधवार, रात्री ९:५०

लागेल तेव्हाच, याला माझा थोडा विरोध. गरज पडते त्याच क्षणी काठी उघडली तर हात कच्चा असतो. दिवसाही वापरा, निदान सरावापुरती. पण मी कोण सांगणार, मला डोळे असते तर मीही बॅगेतच ठेवली असती कदाचित.

कवडसा | शनिवार, रात्री ९:१५

सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. मीठसाखर, दार मी उघडं ठेवलं नव्हतं. ज्याने ठेवलं होतं त्याला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. तो बराच वेळ गप्प होता, मग उठून घरातली सगळी दारं बंद करून आला. त्या रात्री पाणी प्यायला उठला आणि स्वतःच बंद दाराला धडकला, पण ते असो.

आज संध्याकाळी साडेसहाला पादचारी पुलापर्यंत एकटी गेले. तो यायला निघाला होता, म्हटलं पुलाच्या पलीकडे थांब. खाली उभी राहून काठी काढली. आतल्या रबराने तुकडे आपोआप जुळतात, कट कट कट कट. मला वाटलं सगळा रस्ता वळून बघतोय. बघत होते का, माहीत नाही. माझ्या पंधरा अंशांत तरी कोणी नव्हतं.

चढताना काही विशेष नाही, पण उतरताना ठकठक म्हणाले ती पोकळी मनगटाला लागली. प्रत्येक पायरीला. बावीस पायऱ्या, आणि तेविसाव्यांदा टोक हवेत न जाता जमिनीवर टेकलं. पाय टाकायच्या आधी कळलं की जिना संपला. मी तिथेच दोन मिनिटं उभी राहिले आणि मागच्या माणसाने "ताई, सावकाश" म्हणत वाट काढली. आयुष्यात पहिल्यांदा कोणी "डोळे फुटले का" म्हणालं नाही.

पुढे फरशीच्या फटीत टोक अडकलं आणि मूठ सरळ पोटात बसली. नवऱ्यासमोरच. दोघंही हसलो, पण दुखतंय अजून.

अर्धचंद्र | शनिवार, रात्री ९:२२

बावीस पायऱ्या!!! 💛

ठकठक | शनिवार, रात्री ९:४०

पोटात सगळ्यांनाच बसते. मूठ घट्ट आवळू नका, अडकली की सरकून जाईल इतकी सैल. टोक कसलं आहे, पेन्सिलीसारखं बारीक?

कवडसा | शनिवार, रात्री ९:४४

हो, बारीकच.

ठकठक | शनिवार, रात्री ९:४७

बदला. फिरणारं गोल टोक घ्या, ते फटींवरून घरंगळत जातं. जरा जड लागेल, आठवड्यात सवय होईल. काठी तीच ठेवा, टोक फक्त बदलतं.

शेजारची खुर्ची | शनिवार, रात्री १०:३०

ते गोल टोक कुठल्याही काठीला बसतं का? की काठीच नवी घ्यावी लागेल, छातीच्या हाडापर्यंतची? माळ्यावरची खाली काढलीय. आणि शिकवणारे घरी येतात का, तेही सांगा.